सहज बोललो होतो!

“अहो, मी सहज बोललो होतो!” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. बोलणारा सहज बोलून जातो, बोलून झाल्यावर चहा पितो आणि रात्री शांत झोपतो. ज्याला ते लागलेले असते तो मात्र कूस बदलत राहतो. लग्नाच्या मांडवात, वर्गात, एस.टी.च्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर अशी सहज बोलणारी माणसे पावलोपावली भेटतात. त्यांच्या मनात वैर नसते आणि विचारही नसतो. अशा माणसाला उत्तर कसे द्यावे, एवढाच आजचा माझा विषय आहे. काहींना तो क्षुल्लक वाटेल. याहून मोठे प्रश्न आपल्यापुढे आहेत हे मलाही ठाऊक आहे. आमच्या पाथर्डी तालुक्यात तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. पण मुलगा किंवा मुलगी शिक्षण सोडून घरी बसते ती दर वेळी फीसाठीच बसते असे नाही. एखाद्या शब्दानेही बसते. माझ्याबरोबरच्या दोघीजणी तशा बसल्या आहेत, म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या भागात अपमानाला दोन उत्तरे पूर्वापार चालत आलेली आहेत. पहिले म्हणजे गिळून टाकणे. “जाऊ दे, मोठं माणूस आहे,” “जाऊ दे, पाहुणा आहे,” असे म्हणत आपण गिळतो आणि आजूबाजूचे लोक आपल्याला समजूतदार म्हणतात. दुसरे उत्तर म्हणजे उट्टे काढणे. आज तुम्ही मला बोललात, उद्या मी भर पंगतीत तुम्हाला बोलेन. गावोगाव असे भाऊ भाऊ सापडतील की ज्यांचे बोलणे तिसऱ्या पिढीपर्यंत बंद आहे आणि पहिला शब्द कोणता होता हे दोन्ही घरांत कोणालाही सांगता येत नाही. हल्ली मोबाईलमुळे तिसरे उत्तर निघाले आहे. स्टेटस ठेवायचे! “काही लोकांना वाटते की ते फार मोठे आहेत” असे काहीतरी लिहायचे आणि कोणाकोणाने पाहिले ते मोजत बसायचे. ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते आपल्यासाठी आहे हे कळत नाही, आणि ज्यांच्यासाठी लिहिले नाही अशा चारजणांना ते आपल्यालाच आहे असे वाटते.

इथे एक भेद आधीच करून ठेवते. जाणूनबुजून केलेला अपमान आणि अविचाराने झालेला अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८४८ साली मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव फुल्यांचा अपमान झाला, हे उदाहरण आपल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत येते. ते मी इथे वापरणार नाही. तिथे बोलणाऱ्याला आपण काय बोलतो आहोत आणि कोणाला कोणत्या पायरीवर ठेवतो आहोत हे पक्के ठाऊक होते. त्याला उत्तर म्हणून शाळाच काढावी लागते. जातीवरून मुद्दाम हिणवणाऱ्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तिथे त्याचाच आधार घेतला पाहिजे. गोड बोलून समजूत घालत बसू नये. मी लिहिते आहे ते त्या दुसऱ्या माणसाबद्दल, ज्याला आपण कोणाच्या पायावर पाय दिला हे खरोखरच कळलेले नसते.

उदाहरण माझे स्वतःचेच देते, कारण दुसऱ्याचे दिले तर तो ओळखू येईल.

आमच्याकडे ‘कोयता’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण सर्वच वाचक या भागातले नसतील, म्हणून सांगते. दिवाळीच्या आगेमागे तिसगावच्या चौकातून कल्याण-विशाखापट्टणम महामार्गाने सामानाने लादलेली वाहने जाऊ लागतात. वर भांडी, अंथरुणे, कोंबड्या, लहान पोरे, म्हाताऱ्या. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडे बीडकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. मुकादम टोळी बांधतो तेव्हा तो माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. “यंदा वीस कोयते नेले” म्हणजे चाळीस माणसे नेली. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. माझे आईवडील गेली कित्येक वर्षे एक कोयता आहेत.

अकरावी मी मामाच्या गावी केली. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले तेव्हा वर्ग निम्मा रिकामा होता. एक सर हजेरी घेत होते. चार-पाच नावांना लागोपाठ कोणी उत्तर दिले नाही, तेव्हा ते वर बघून हसले आणि म्हणाले, “काय, कोयते गेले वाटतं सगळे? बरं झालं, वर्गात जरा हवा तरी खेळेल!” वर्ग हसला. माझ्या शेजारची हसली, पुढच्या बाकावरचे हसले. आईवडील आदल्याच आठवड्यात गेले होते. निघताना आईने माझ्या वेणीला तेल लावून दिले होते. सरांचे पुढचे नाव घेऊन झाले आणि तासही झाला. सर वाईट नव्हते हे मुद्दाम सांगते. तासाला वेळेवर येत, शिकवताना जीव ओतत, कोणाला मारत नसत. त्यांच्या दृष्टीने तो बाजारातला एक चलनी शब्द होता.

त्या रात्री मी त्यांना काय बोलायचे ते मनात जुळवत होते. पहिला खर्डा मोठा होता. त्यात सरांची पदवी आली, सरांचा पगार आला, सरांच्या चहातली साखर कोणाच्या घामाची आहे हेही आले. मनातल्या मनात बोलायला तो फार छान होता. पण हळूहळू माझ्या ध्यानात आले की हे सगळे मी म्हटले तर सर साखरेबद्दल आणि पगाराबद्दल उत्तर देतील, आणि माझे जे दुखले ते बाजूलाच राहील. मग एकेक वाक्य काढत गेले. सकाळपर्यंत तीन उरली.

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकल लावत होते, आसपास कोणी नव्हते. मी जवळ जाऊन म्हटले, “सर, काल हजेरीच्या वेळी तुम्ही म्हणालात, कोयते गेले वाटतं सगळे. माझे आईवडील मागच्या आठवड्यात गेले. मला ते ऐकून वाईट वाटलं.”

सर म्हणाले, “अगं, मी सहज म्हणालो. सगळेच म्हणतात तसं. मुकादमाच्या वहीतसुद्धा तसंच लिहितात.”

“हो सर, वहीत लिहितात,” मी म्हटले. पुढे काही बोलले नाही.

सर किल्लीशी चाळा करत उभे राहिले. मग त्यांनी विचारले, “कुठल्या कारखान्याला गेलेत?” मी सांगितले. “तू कोणाकडे असतेस?” “मामाकडे.” “बरं. जा, तास सुरू होईल.”

संपले. त्यांनी क्षमा मागितली नाही आणि मलाही ती नको होती. आठएक दिवसांनी हजेरी झाल्यावर सरांनी वही मिटली आणि विचारले, “ऊसतोडीला गेलेली कोण कोण आहेत? नावं द्या. परत आल्यावर त्यांना राहिलेलं कोण सांगणार?” दोन मुलांनी हात वर केले. पुढे दोन वर्षांत त्या सरांच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

यातून मी जे काही शिकले ते कदाचित सर्वांना लागू पडणार नाही. तरी सांगते. बोलायचे ते त्या माणसाला एकट्याला गाठून. चारचौघांत सांगितले की माणूस ऐकत नाही, तो आपली पगडी सांभाळतो. तीच तीन वाक्ये मी आदल्या दिवशी वर्गात उभी राहून बोलले असते तर सरांना वर्गासमोर जिंकणे भाग पडले असते, आणि वर्गासमोर शिक्षकच जिंकतो. दुसरे म्हणजे, घडले ते सांगायचे. माणूस कसा आहे ते सांगायचे नाही. “तुम्ही गरिबांना कमी लेखता” असे म्हटले की तो “मी कुठे कमी लेखतो?” असे म्हणणार, आणि त्याच्या मनात काय आहे यावर वाद सुरू होणार. त्याचे मन त्यालाच ठाऊक. पण “तुम्ही हे म्हणालात” आणि “मला असे वाटले” या दोन गोष्टी नाकारण्याची सोय कोणाला नाही. पहिलीला साक्षीदार असतात आणि दुसरीची साक्षीदार मी स्वतः.

आणि नंतर गप्प राहायचे. मला तर हेच सर्वांत अवघड गेले. समोरचा “सहज बोललो” म्हणाला की आपल्याला राहवत नाही, आपण त्याच्या अंगावर जातो, नाहीतर त्याची कीव येऊन “नाही, तसं काही नाही सर, असू द्या” म्हणून आपलेच बोलणे पुसून टाकतो. बहुतेकदा दुसरेच होते. विशेषतः आम्हा मुलींकडून.

फार उशीर करू नये हेही खरे. माझ्या एका मैत्रिणीला वसतिगृहातल्या मुलीने तिच्या डब्यातल्या भाकरीवरून काहीतरी म्हटले होते. ही आठ महिन्यांनी भांडली. तोपर्यंत त्या मुलीला तो डबाही आठवत नव्हता आणि ती भाकरीही. तिला वाटले, ही उगाचच भांडण उकरून काढते आहे. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. ऋतू मध्ये जाऊ देऊ नये.

मात्र लागेल त्या प्रत्येक शब्दासाठी उठून जाण्यात अर्थ नाही. माझे एक चुलते मला गावात कुठेही भेटले की मोठ्याने ओरडतात, “काय कलेक्टरीणबाई, आमचा अर्ज लिहून द्या की!” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्याची ही थट्टा. पहिल्यांदा मला कानकोंडे झाले. पण हेच चुलते एस.टी. चुकली तर गाडीवरून सोडायला येतात, आणि अर्जही खरोखरच माझ्याकडूनच लिहून घेतात. त्यांच्या त्या ओरडण्यात थोडा अभिमान आहे हे मला कळते. असले शब्द मी सोडून देते. जो शब्द माझ्यापुरता आहे तो सोडता येतो. जो उद्या माझ्यामागून येणाऱ्या धाकट्या बहिणीलाही लागणार आहे तो सोडवत नाही.

आता गिळणाऱ्यांच्या बाजूने विचार करते, कारण आमचे घर गिळणाऱ्यांचेच आहे. माझी आजी विधवा आहे. आईवडील ऊसतोडीला गेले की घर आणि आम्ही भावंडे तिच्या हवाली. शेजारच्या काकूंकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. आजी त्यांना वाण निवडायला, तिळगूळ वळायला सकाळपासून मदत करत होती. बायका यायला लागल्या तशा काकू म्हणाल्या, “आजी, आता तुम्ही जरा आत बसा हं!” आजी आत बसली. संध्याकाळी मागच्या दाराने घरी आली. त्यानंतर ती त्या घरी कधी गेली नाही. काही बोलली नाही, भांडली नाही. विचारले तर म्हणे, “नाथांनी थुंकी सोसली, मला काय झालं?” पैठण आमच्यापासून फार लांब नाही आणि नाथषष्ठीच्या कीर्तनांतून ती कथा आजीने अनेकदा ऐकलेली आहे. काही वर्षांनी शेजारच्या काकूंनीच माझ्या आईला विचारले, “तुमच्या सासूबाई आमच्याकडे का येत नाहीत हो? आमचं काही चुकलं का?” त्यांना खरोखरच माहीत नव्हते. एका बाईला इतकी वर्षे एक घर बंद झाले, दुसरीला एक म्हातारे माणूस तुटले, आणि ज्या वाक्याने हे झाले ते वाक्य काकू पुढच्या संक्रांतीला आणखी कोणाला तरी म्हणाल्याच असतील.

गिळण्याच्या बाजूने नेहमी संतांचे दाखले दिले जातात. त्यांतला सर्वांत मोठा दाखला मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांचा. परंपरा अशी सांगते की कोणाच्या तरी बोलण्याने ज्ञानेश्वर महाराज दुखावले, झोपडीत जाऊन त्यांनी ताटी लावून घेतली, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. ताटी म्हणजे कुडाचे दार. ऊसतोडीच्या कोपीला लावतात तसलेच. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला सांगितली गेली, त्यामुळे आपल्याकडे ही कथा घरोघर ठाऊक आहे. तिचा अर्थ बहुधा असा सांगतात की ज्ञानी माणसाने रागवू नये, लोकांचे बोलणे सोसावे.

मी वारकऱ्याच्या घरातली आहे, तेव्हा हे नम्रपणेच लिहिते. त्या कथेतली दोन गोष्टी माझ्या मनात राहतात. एक म्हणजे एवढ्या थोर माणसालाही शब्द लागला. ज्ञानेश्वरांना लागू शकतो तर आपल्याला लागला यात हलकेपणा काहीच नाही. आणि दुसरी म्हणजे मुक्ताई दारात येऊन उभी राहिली. “तुला काय झालं रुसायला?” असे म्हणून ती निघून गेली नाही. दार उघडेपर्यंत तिथेच होती. पण जो बोलला त्याच्याकडे कोणी गेले का? कथेत त्याला नावदेखील नाही. तो बोलला आणि कथेतून निघून गेला. उपदेश झाला तो दुखावलेल्याला झाला. ज्ञानेश्वर त्या उपदेशाच्या योग्यतेचे होते. आम्ही मात्र गेली सातशे वर्षे तो उपदेश प्रत्येक दुखावलेल्या माणसाला, सुनेला, गड्याला, विधवेला देत आलो आहोत, आणि बोलणाऱ्याचा पत्ता अजून कोणी विचारलेला नाही.

काकूंच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. समजा आजी त्यांना बोलली असती. काकू ओशाळल्या असत्या, कदाचित रडल्याही असत्या. पण पुढच्या हळदीकुंकवाला आजीला बाहेर बसवण्याची हिंमत त्यांना झाली असती का? बाकीच्या बायका काय म्हणतील? सरांची सवय त्यांची एकट्याची होती, त्यांनी ती सोडली. काकूंची सवय साऱ्या गावाची आहे. अशा वेळी एकाला एकट्यात गाठून भागत नाही; गावालाच गाठावे लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने हे करून दाखवले. पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव त्यांच्या ग्रामसभेने केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. ठरावाने प्रथा एका दिवसात मरत नाही, हे कोणीही सांगेल. पण ठराव झालेल्या गावातली काकू निदान एवढे म्हणू शकते की “आजी, बसा बाहेर, आता गावानंच ठरवलंय.” एकटीच्या अंगावर असलेले ओझे गावाने उचललेले असते.

वरून येणारा प्रत्येक शब्द मात्र असा लागू पडतोच असे नाही. एप्रिल २०२३ मध्ये विधवेऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा शब्द वापरावा असा प्रस्ताव महिला व बालविकास खात्याकडून पुढे आला आणि त्यावर चांगलीच टीका झाली. मी आजीला विचारले. आजी म्हणाली, “मला माझ्या नावानं हाक मारा की!” डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्यांना समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. हा निर्णय मला फार चांगला वाटतो, कारण ज्यांना ती नावे लागत होती त्यांचीच ती जुनी मागणी होती. तरी पाट्या बदलणे सोपे आहे. एखाद्या गावात पत्ता विचारा, जुने नाव अजून सांगणाऱ्याच्या तोंडात येते. तोही सहजच बोललेला असतो.

इथपर्यंत जे लिहिले त्यातली मोठी उणीव माझ्या वडिलांनी दाखवून दिली. मी सरांशी बोलले ही गोष्ट पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद होऊन ते परत आल्यावर, मी त्यांना मोठ्या हौसेने सांगितली. मला वाटले, ते खूश होतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “मग त्यानी तुला काही केलं न्हाई ना? मार्क-बिर्क कापलं न्हाई ना?”

वडिलांचे जग मी विसरू शकत नाही. मुकादम त्यांच्याशी कसा बोलतो, फडाचा मालक आईला कोणत्या नावाने हाक मारतो, हे मी सुट्टीत फडावर जाऊन पाहिलेले आहे. तिथे माझी तीन वाक्ये चालत नाहीत. वडिलांनी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ते बांधलेले असतात. एक दिवस आजारी पडून खाडा झाला तरी पैसे कापतात. “मला वाईट वाटलं” हे वाक्य उचल घेतलेल्या माणसाला परवडत नाही. मला ते परवडले, कारण माझी भाकरी सरांच्या हातात नव्हती. एकट्याने जाऊन सांगायची माझी सगळी युक्ती मुळात थोड्या मोकळ्या माणसासाठी आहे. ज्याचा हात दगडाखाली आहे त्याने एकट्याने जाऊ नये. त्याने दहा जणांना बरोबर घेऊन जावे.

आणि ऊसतोड कामगार तसे जातातही. संप होतात, बैठका होतात, करार होतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली ती अशाच वाटाघाटींतून. कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत असेही ठरले. हे सगळे दराचे आणि सोयींचे झाले आणि ते आधी होणे बरोबरच आहे. पण वहीतला ‘कोयता’ तसाच आहे. सर म्हणाले ते खरेच होते, शब्द वहीतून येतो. आणि वहीतला तो शब्द फक्त ऐकायला वाईट आहे असे नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला की उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब नवऱ्याशी होतो. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून मग फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईचे त्या कागदावर नावच नसते. तिने किती तोडले याचा हिशेब कोणाकडेच नाही.

म्हणून माझे मत असे आहे की पुढच्या कराराच्या वेळी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात एक कलम वाढवावे. मुकादमाच्या वहीत, उचलीच्या कागदावर आणि हिशेबात कोयता न लिहिता दोघांची नावे लिहावीत, पूर्ण नावे, वेगवेगळ्या ओळींवर. याला खर्च काही नाही. आपल्या महाविद्यालयात ऊसतोड कुटुंबांतली जी मुले-मुली आहेत त्यांनी मिळून असे निवेदन लिहायचे ठरवले तर ते लिहून काढायला मी तयार आहे. अर्ज लिहिण्याचा सराव चुलत्यांनी करून घेतलेलाच आहे.

गेल्या सुट्टीत घरी हे बोलले तेव्हा वडील हसले. म्हणाले, “मुकादम कुठं दोन दोन नावं लिवत बसंल?”

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, “लिवू दे की. नाव लिवायला काय पैसं पडत्यात?”